प्लास्टर निघालं, तरी हाताची आग थांबत नाही? दुर्लक्ष करू नका



या अंकात एका अशा दुखण्याबद्दल सांगायचं आहे, ज्याचं नाव आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेलं नाही. मीही ऐकलं नव्हतं. ते कळलं आपल्याच एका ताईमुळे. तिचं आणि गावाचं नाव इथे देत नाही, पण तिला विचारूनच हे लिहीत आहे.

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. बांधावरून पाय घसरून ताई पडली. पडताना हात टेकला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. प्लास्टर काढल्यावर डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं. घरच्यांना वाटलं, चला, सुटलो. पण ताई त्यानंतर सलग तीन बैठकांना आलीच नाही. चौथ्या बैठकीला आली ती हात पदरात गुंडाळून. बाया म्हणाल्या, "हाड तर जुळलं, मग काहून येत नाही? कामाची टाळाटाळ आहे झालं." नियमाप्रमाणे दंड लागला. त्या बैठकीला मी हजर होते. मीही नियमच सांगितला.

सह्या करायची वेळ आली तेव्हा ताईने डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. ही ताई साक्षरता वर्गात सही शिकलेली आणि गेली चार वर्षं ठसक्यात सही करणारी. मी विचारलं, "अंगठा कशाला?" ती म्हणाली, "काय सांगू बाई, नुसता पदर लागला तरी आग होते. हा हात माया राह्यलाच नाही." मी हात पाहिला. सुजलेला, लालसर-जांभळा, चकाकणारा आणि घामाने ओला. दुसरा हात मात्र नेहमीसारखा. आम्ही जिला नाटकी समजत होतो, ती खरंच आजारी होती.

पुढे मोठ्या दवाखान्यात त्या आजाराचं नाव कळलं. पण तोवर पाच महिने गेले होते. ते पाच महिने दुसऱ्या कुणा ताईचे जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

हा आजार आहे तरी काय?

त्याचं नाव कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम. थोडक्यात सीआरपीएस. (आपल्या गावातल्या सीआरपी ताईशी याचा काही संबंध नाही बरं!) कॉम्प्लेक्स म्हणजे गुंतागुंतीचं, रिजनल म्हणजे शरीराच्या एका भागातलं, पेन म्हणजे दुखणं आणि सिंड्रोम म्हणजे एकत्र दिसणारी लक्षणं.

हात मोडला, मुरगळला, हातावर ऑपरेशन झालं की दुखणारच. ते दुखणं म्हणजे शरीराने दिलेली हाक असते, "इथे लागलंय, जपा." जखम भरत जाते तशी ही हाक कमी होत जाते. सीआरपीएसमध्ये मात्र जखम भरली तरी हाक थांबत नाही, उलट वाढते. घरात चोर नाही, तरी कुत्रं भुंकतच राहावं, तसं. दुखावलेल्या भागाची सूज गरजेपेक्षा जास्त चालू राहते. तिथल्या नसा साध्या स्पर्शालाही "आग लागली" असा निरोप मेंदूला देतात. रक्तवाहिन्या आणि घाम यांना सांभाळणाऱ्या नसांचंही गणित बिघडतं, म्हणून हाताचा रंग आणि तापमान बदलतं. मेंदूत आपल्या हाताचा जो नकाशा असतो, तोही विस्कटतो. ताई म्हणाली ना, "हात माया राह्यलाच नाही"? हा आजार असलेल्या अनेकांना तसंच वाटतं.

म्हणजे हे मनाचे खेळ नाहीत, बाहेरची बाधा नाही आणि आळस तर नाहीच नाही.

हा आजार नवीनही नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गोळी लागलेल्या सैनिकांमध्ये सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी असं जळजळीचं दुखणं पाहिलं आणि १८६४ साली त्यावर लिहिलं. १९०० साली जर्मनीतले डॉक्टर पॉल सुडेक यांनी अशा हातातली हाडं विरळ होतात हे दाखवलं. म्हणून जुन्या कागदांवर 'सुडेक' किंवा 'आरएसडी' असं लिहिलेलं दिसतं. सीआरपीएस हे नाव १९९४ पासून रूढ झालं.

हे बायांनी जास्त का लक्षात ठेवायचं?

नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हा आजार स्त्रियांमध्ये पुरुषांच्या तिपटीहून जास्त आढळला. पायापेक्षा हातात जास्त, आणि सगळ्यात मोठं कारण हाड मोडणं. पन्नाशीनंतर प्रमाण वाढतं. आता आपल्या गटात पाहा. पन्नाशीच्या पुढच्या किती जणी आहेत? पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात. ओल्या बांधावर, न्हाणीत, शेणाने सारवलेल्या अंगणात पाय घसरला की आपण हात टेकतो आणि मनगटच मोडतं.

हाड मोडलेल्या प्रत्येकीला हा आजार होत नाही, बहुतेकींना होत नाही. घाबरायचं कारण नाही. ओळखायला मात्र शिकायचं.

कसा ओळखायचा?

यासाठी रक्ताची किंवा फोटोची एकच अशी पक्की तपासणी नाही. डॉक्टर हात पाहून, विचारपूस करून आणि दुसरे आजार नाहीत ना हे तपासून निदान करतात. आपण घरी दोन्ही हात शेजारी ठेवून या चार गोष्टी पाहायच्या:

१. स्पर्श: जखमेच्या मानाने दुखणं फार जास्त आहे का? आग, ठणका, सुया टोचल्यासारखं होतं का? पदर, चादर, पंख्याचा वारा लागला तरी सहन होत नाही का?

२. रंग आणि तापमान: एक हात लाल, निळसर किंवा पांढुरका दिसतो का? दुसऱ्यापेक्षा गरम किंवा गार लागतो का?

३. सूज आणि घाम: सूज उतरत नाही का? त्याच हाताला जास्त घाम येतो का, किंवा अजिबात येत नाही का?

४. हालचाल, नखं, केस, कातडी: मूठ वळत नाही, बोटं कडक झाली, हात थरथरतो, जोर लागत नाही, असं आहे का? नखं आणि हातावरचे केस वेगळेच वाढतात का? कातडी पातळ, चकचकीत झाली का?

दुखणं थांबत नाही आणि यातल्या एकापेक्षा जास्त गोष्टी दिसतात, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. डॉक्टरांना दाखवा.

एक वेगळा धोका: तो ओळखायला तासही दवडू नका

हात प्लास्टरमध्ये असताना, किंवा हाडवैद्याने बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्यावर, दुखणं तासातासाला वाढत असेल, बोटं बधिर, पांढरी किंवा निळी पडली असतील, कुणी बोट सरळ केलं तर जीव जात असेल, तर तो सीआरपीएस नव्हे. आत रक्त पोहोचत नसल्याची ती खूण आहे. काही तासांत हाताचे स्नायू मरू शकतात. रात्र असली तरी तेव्हाच दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा. "सकाळी पाहू" म्हणू नका. आणि हाड मोडल्यावर घट्ट बांधून घेऊ नका, आधी फोटो काढा.

वेळ गेला तर काय होतं?

हे वाचायला जड जाईल, पण माहीत असायला पाहिजे.

दुखतं म्हणून ताई हात हलवत नाही. हलवला नाही म्हणून सांधे कडक होतात. कडक झाले की हलवताना अजून दुखतं. या फेऱ्यात हात अडकतो. आधी बोटं, मग मनगट, मग खांदाही आखडतो. स्नायू वाळतात. हाडं विरळ होतात. काहींची बोटं मुडपतात आणि तशीच राहतात, मूठ उघडतच नाही. बंद मुठीत घाम साचतो, कातडी फाटते, जखमा होतात, त्यात जंतू शिरतात. क्वचित हे दुखणं दुसऱ्या हाताकडे किंवा पायाकडेही सरकतं.

काही जणींना वाटतं, यापेक्षा हात कापलेला बरा. मैत्रिणींनो, हात काढून टाकणं हा या दुखण्यावरचा सोपा उपाय नाही. बरा न होणारा जंतुसंसर्ग झाला तर क्वचित ती वेळ येते, पण हात गेल्यावरही दुखणं राहू शकतं आणि उरलेल्या भागात आजार परत येऊ शकतो.

दुसरं नुकसान दुकानातल्या गोळ्यांचं. झोप लागत नाही म्हणून रोज दुखण्याची गोळी. महिनोन् महिने अशा गोळ्या घेतल्या तर पोटात अल्सर होऊ शकतो, किडनी खराब होऊ शकते. आणि या आजाराची आग त्या साध्या गोळ्यांनी बऱ्याचदा थांबतही नाही.

तिसरं नुकसान मनाचं. दिवसरात्र आग, झोप नाही, भाकरी थापता येत नाही, मजुरी बुडाली, वरून घरातले म्हणतात नाटक करते. अशात माणूस खचतं. आपली ताई मला नंतर म्हणाली, "त्या दिवसांत विहिरीकडे पाहायची भीती वाटे." असे विचार येत असतील तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. कुणी ताई असं बोलली तर तिला एकटं सोडू नका.

उपचार आहे का?

आहे. लवकर सुरू केला तर बहुतेकींचा त्रास पहिल्या वर्षभरात बराच कमी होतो. काहींचा राहतो, पण त्यांनाही आराम मिळवून देता येतो.

सगळ्यात मोठा उपचार म्हणजे हात पुन्हा वापरात आणणं, म्हणजे फिजिओथेरपी. औषधं आणि इंजेक्शन ही त्यासाठीच, की दुखणं उतरावं आणि व्यायाम करता यावा. डॉक्टर नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं देतात, सुरुवातीला सूज जास्त असेल तर थोड्या दिवसांची स्टेरॉईड, कधी हाडांची औषधं. एवढ्याने भागलं नाही तर मानेपाशी नसांच्या गाठीजवळ बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. स्टेरॉईड मनाने घ्यायची नाही आणि मनाने थांबवायचीही नाही.

फिजिओथेरपिस्ट जे शिकवतात ते ऐकलं तर नवल वाटेल, कारण त्यातलं बरंच आपल्या घरात आहे:

• स्पर्शाची सवय: आधी कापसाने हातावर अलगद फिरवायचं. मग मऊ लुगड्याचा तुकडा, मग खरखरीत टॉवेल. दिवसातून चार-पाच वेळा, थोडा थोडा वेळ. पुढे परातीत सोयाबीन किंवा तूर घेऊन त्यात हात घालायचा. मेंदूला परत शिकवायचं की हा स्पर्श आहे, आग नाही.

• आरशाचा व्यायाम: दोन हातांच्या मध्ये आरसा उभा ठेवायचा. दुखरा हात आरशामागे, चांगला हात समोर. चांगला हात हलवताना आरशात पाहायचं. मेंदूला वाटतं, दुखराच हात न दुखता हलतोय. ही आरशाची युक्ती मूळ भारतीय असलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात-पाय गमावलेल्या रुग्णांसाठी १९९० च्या दशकात काढली. पुढे ती या आजारातही वापरली जाऊ लागली.

• घासणं आणि उचलणं: ब्रशने फरशी घासायची, हातावर हळूहळू भार द्यायचा, पिशवीत थोडं वजन घेऊन चालायचं. दिवसागणिक थोडं वाढवायचं.

पण हे शिकून घेऊन करायचं. कुणी जोर लावून बोटं वाकवली, रगडून मालिश केली तर त्रास वाढतो. "दुखलं तरी सहन कर" हेही चूक आणि "हलवूच नको" हेही चूक. बर्फ लावू नका. गरम शेक देताना जपा, स्पर्शाची जाण बिघडलेली असते, भाजलेलं कळत नाही. डाग देणं, चटका देणं, झाडपाला घट्ट बांधणं तर अजिबात नको.

हाड मोडलं त्याच दिवसापासून काय करायचं?

• पडल्याबरोबर त्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढा. सूज चढली की त्या रुततात. हात वाचवायला बांगड्या काढल्या तर त्यात अपशकुन नाही. सासूबाईंनीच पुढे होऊन काढाव्यात.

• प्लास्टर असताना हात उशीवर किंवा झोळीत, छातीच्या वर ठेवा. लोंबकळत ठेवू नका.

• प्लास्टरबाहेर असलेली बोटं, कोपर, खांदा पहिल्या दिवसापासून हलवत राहा. डॉक्टरांना विचारा, "काय काय हलवू?"

• 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हा आजार टळतो का, यावर अभ्यास झाले आहेत. काहींत फायदा दिसला, काहींत नाही. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

• प्लास्टर काढताना विचारा, "व्यायाम कोण शिकवेल?" हा प्रश्न विचारल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.

जायचं कुठे?

पहिल्यांदा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. आशाताईला सोबत घ्या. तिथून हाडांच्या डॉक्टरांकडे आणि फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी मागा. वाशिमला जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. त्यापुढची गरज लागली तर अकोला, यवतमाळ आणि नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मानोरा किंवा रिसोडकडच्या गावातून फिजिओथेरपीला रोज जाणं जमत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिल्या भेटीतच सांगा, "मी पंधरा दिवसांनी येऊ शकते, घरी करायचे व्यायाम नीट शिकवा." सोबतच्या माणसाने ते मोबाईलवर चित्रित करून घ्यावे. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा उपयोग करा. जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

उपचार करूनही हात कायमचा अधू राहिला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. टक्केवारी जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर ठरवतात. ४० टक्के किंवा जास्त असेल तर दिव्यांगांच्या योजनांचा रस्ता खुला होतो.

आपल्या समूहाने काय करायचं?

दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आपण दर बैठकीत म्हणतो. ते इथे वापरायचं आहे.

एखादी ताई हात मोडल्यावर बैठकीला येत नसेल तर दंडाच्या आधी तिच्या घरी जायचं. दोन्ही हात शेजारी ठेवून पाहायचे. तिचा हप्ता पुढे ढकलायचा का, आजारपणासाठी अंतर्गत कर्ज द्यायचं का, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. घरच्यांशी बोलायला एकीने जायचं. नवऱ्याला आणि सासूला हे आजाराचं नाव सांगायचं, कारण आजाराला नाव मिळालं की "नाटक" हा शब्द बंद होतो. आणि ताईला बैठकीत बोलवायचं, अगदी काम न करता बसायलाही. एकटं पडल्याने दुखणं वाढतं.

आमच्या त्या ताईचं काय झालं? तिने औषधं घेतली, आठ महिने व्यायाम केला. आग खूप कमी झाली, रात्री झोप लागते. पण शेवटची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. विळा धरता येत नाही. डॉक्टर म्हणाले, प्लास्टर निघाल्यावर लगेच आली असती तर हात यापेक्षा बराच मोकळा झाला असता. हे ऐकताना मला ती बैठक आठवत होती. समूहाने तिचा दंड परत केला. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुले तरी कुठं माहीत होतं, पोरी." आता सही करते ती, जराशी वाकडी, पण उजव्या हातानेच.

आता माहीत झालं आहे. म्हणून एक काम करा. हा लेख पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि विचारा, "गेल्या सहा महिन्यांत आपल्या गावात कुणाचा हात मोडला होता?" नाव निघालं की त्याच आठवड्यात दोघींनी तिच्या घरी जा. काय दिसलं ते इतिवृत्तात लिहा आणि मला फोन करा. दवाखान्यात सोबत लागली तर मी येईन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक